कढईतलं तेल, भट्टीचा जाळ आणि न बसवलेलं सौर पॅनेल: इंदूरच्या एका फराळ कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरमधल्या एका मराठी घराचं आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी घराच्या मागच्या पडवीत सासूबाईंनी शेजाऱ्यांसाठी दिवाळीची चकली आणि अनारसे करून द्यायला सुरुवात केली. आज तोच व्यवसाय त्यांची सून चालवते. औद्योगिक वसाहतीत भाड्याची शेड आहे, चौदा माणसं कामाला आहेत, आणि चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू असा माल बारा महिने निघतो. ओळख पटू नये म्हणून नावं आणि वस्ती सांगत नाही, आकडेही थोडे गोल केले आहेत. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे हिशेब मी अकरा वर्षं पाहत आलो आहे, त्यामुळे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. काही चुकाही माझ्याच आहेत.

दिवसाला सरासरी १८० किलो माल निघतो. दिवाळीच्या आधीच्या दीड महिन्यात तो दुपटीच्या वर जातो, आणि पितृपक्षात किंवा होळीनंतरच्या दिवसांत निम्म्यावर येतो. ही चढउतार लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबलं.

शहराबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सलग पहिलं येत राहिलं, २०२३ मध्ये सुरतसोबत. बाहेरच्यांना त्यात चकाचक रस्ते दिसतात. इथल्या छोट्या उद्योजकाच्या हाती मात्र त्यातून आणखी काहीतरी आलं आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायची सवय कामगाराच्या घरातच लागलेली असते, ती कारखान्यात शिकवावी लागत नाही. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. काकूंच्या शेडमधली बटाट्याची सालं आणि खराब पीठ कचरागाडीत वेगळं जातं, आणि त्यासाठी कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. या शहरात धंदा करणाऱ्याची सुरुवातच दोन पावलं पुढून होते.

अडचण

२०२४ च्या होळीनंतर काकू माझ्याकडे आल्या त्या एका साध्या प्रश्नासाठी. विक्री वाढली, तरी हातात काही उरत का नाही? मी खतावणी काढली. दोन वर्षांत विक्री वाढली होती आणि नफा होता तिथेच होता. खर्च कुठे गेला हे पहिल्या नजरेत कळेना.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट आली. पुण्यातल्या एका साखळी दुकानांच्या खरेदीदाराला काकूंची भाजणीची चकली हवी होती. नमुना आवडला, भाव ठरला, आणि मग तीन पानी प्रश्नावली आली. वापरलेल्या तेलाचं काय करता? इंधन कोणतं? एक किलो मालामागे किती? वेष्टन पुनर्वापराचं आहे का? काकूंनी ती पानं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "अरे, चकली विकायची आहे की परीक्षेला बसायचं आहे?" त्यांचा राग खोटा नव्हता. त्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर आमच्या वहीत नव्हतं.

तिसरी अडचण कागदावर नव्हती. भट्टीच्या खोलीत मे महिन्यात उभं राहवत नसे. आदल्या उन्हाळ्यात चकली पाडण्यात तरबेज असलेल्या दोन बायका काम सोडून गेल्या होत्या. एकीने जाताना सांगितलं होतं की पगाराची तक्रार नाही, पण डोकं फिरतं.

समोर आलेले पर्याय

काकूंच्या मुलाचं उत्तर तयार होतं: सौर पॅनेल. १० किलोवॅटचं कोटेशन त्याने आणलं होतं, पाच लाखांच्या घरातलं. विक्रेत्याने सरकारी अनुदान मिळेल असंही सांगितलं होतं. प्रश्नावलीत 'अक्षय ऊर्जा' असा रकाना होता, तो भरला जाणार होता, आणि छतावरचं पॅनेल गिऱ्हाइकालाही दिसतं.

दुसरा पर्याय होता उघड्या कढया काढून आपोआप चालणारा फ्रायर घेण्याचा. किंमत सौर पॅनेलच्या दुपटीहून जास्त, आणि काकूंच्या मते त्यात चकलीचे काटे नीट येत नाहीत. तिसरा म्हणजे पुण्याचा खरेदीदार सोडून द्यायचा आणि आहे तेच चालवायचं. हा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. चौदा माणसांचा पगार दरमहा देणाऱ्या बाईला प्रत्येक नवी गोष्ट म्हणजे जोखीमच असते.

मी माझ्या एका निवृत्त अभियंता मित्राला बोलावलं. त्याने यातलं काहीच सुचवलं नाही, फक्त तीन बिलं मागितली. महिन्याचं तेल सुमारे १ लाख ९० हजारांचं. गॅसचे १९ किलोचे व्यावसायिक सिलेंडर २८, म्हणजे ५३ हजार. वीज साडेनऊ हजार. त्याने तिन्ही बिलं टेबलावर एकाखाली एक ठेवली आणि मुलाला विचारलं, "यातलं कुठलं सगळ्यात मोठं आहे?"

तिन्ही खर्च मिळून जे होतं त्यात विजेचा वाटा चार टक्क्यांच्या आत होता. बिल शून्यावर आलं असतं तरी पाच लाख फिटायला साडेचार वर्षं लागली असती, आणि शेडचा भाडेकरार तीनच वर्षांचा उरला होता. अनुदानाची गोष्टही चुकीची निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे, कारखान्याच्या शेडला ती लागू होत नाही.

यावर मुलगा नाराज झाला, आणि त्याची नाराजी मला समजली. तो म्हणाला, "काका, महापालिका करते ते शहाणपण आणि आपण केलं की खूळ?" प्रश्न बिनतोड होता, पण उत्तर त्याच्याच बाजूला नव्हतं. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज घेतलं, ते जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. जलूदहून नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटर अंतरावरून चढवून शहरात आणावं लागतं, आणि ते पंप चालवण्याचं वीजबिल हा महापालिकेचा डोंगराएवढा खर्च आहे. त्यांनी आपलं सगळ्यात मोठं बिल बघून हात घातला. आमचं सगळ्यात मोठं बिल तेलाचं होतं.

ठरलं असं की एक महिना काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त मोजायचं.

महिनाभराचं मोजमाप

मोजायची साधनं साधी होती. सिलेंडर रोज सकाळी आणि संध्याकाळी काट्यावर चढवायचा आणि वजन वहीत लिहायचं. प्रत्येक घाण्याचा माल तोलायचा. कढईतल्या तेलाचं तापमान दर तासाला घ्यायचं. मित्राकडे तेल तपासायचं एक मीटर होतं, ते तेलात बुडवलं की टीपीसी दाखवतं. तेल वारंवार तापलं की त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचं ते प्रमाण असतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, त्यावरचं तेल तळणाला वापरायचं नाही. असं तेल पोटात जात राहिलं तर रक्तदाब, रक्तवाहिन्या आणि यकृताच्या तक्रारी संभवतात.

भट्टीवरचे मुख्य कारागीर, ज्यांना सगळे महाराज म्हणतात, मूळचे उज्जैनकडचे. तीस वर्षं ते तेलाकडे नुसतं बघून सांगत आले आहेत. मीटरकडे पाहून म्हणाले, "तेल तो खुद बोलता है, साब." आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज मीटरशी जुळायचा, हे मला मान्य करायलाच हवं.

एका मंगळवारी मात्र तो जुळला नाही. माल कमी होता, दिवसभरात जेमतेम ८० किलो. तेल दिसायला ठीक होतं आणि महाराज म्हणाले, "अभी चलेगा." मीटरने २७ दाखवलं. आदल्या शनिवारी २१० किलो माल निघाला होता आणि त्याच कढईत १५ होतं. आम्हाला वाटलं मीटर बिघडलं. तीनदा पुसून पुन्हा बुडवलं, तीनदा २७.

कारण मित्राने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. मालासोबत तेलही निघून जातं, चकली आणि शेव आपल्या वजनाच्या पाव भागाहून जास्त तेल पिते. माल भरपूर निघतो त्या दिवशी तेवढं ताजं तेल कढईत पडत राहतं आणि जुनं सतत पातळ होत जातं. माल कमी असतो त्या दिवशी तेच तेल कढईत पडून राहतं, आणि त्याखालचा जाळ काही कमी होत नाही. आमच्याकडे ३५ लिटरच्या दोन कढया होत्या, आणि मंदीच्या दिवसांतही दोन्ही सकाळी आठला चढायच्या. मधल्या वेळेत, घाणा नसताना, एका कढईचं तापमान २०५ अंशांवर गेलेलं मी स्वतः पाहिलं. चकलीला १७० ते १७५ पुरतात. तळाशी पिठाचा चुरा जळून काळा झाला होता, आणि तो चुरा तेल आणखी लवकर बिघडवतो.

गॅसचं कोडं त्यामानाने सोपं होतं. बर्नरची ज्योत निळी हवी, ती पिवळी होती. कढयांच्या बुडाला बोटभर काजळी होती. नोझलं वर्षानुवर्षं साफ झाली नव्हती. भट्टीच्या भोवतीचं विटांचं अस्तर ढासळलं होतं, आणि जाळ कढईपेक्षा खोलीलाच जास्त तापवत होता. एक किलो मालामागे ११३ ग्रॅम गॅस लागत होता. ज्या उन्हाने त्या दोन बायका काम सोडून गेल्या, ते ऊन आम्ही पैसे देऊन विकत घेत होतो.

काय केलं

मे आणि जूनमध्ये भट्ट्यांना नवं अस्तर घातलं आणि कढईभोवती पत्र्याचा वेढा बसवला. नोझलं बदलली, थर्मामीटर लावले. रोज संध्याकाळी तेल कोमट असताना गाळायला एक छोटं गाळण यंत्र घेतलं. मंदीच्या दिवसांत एकच कढई चढवायची आणि घाणे एकामागून एक लावायचे, असा नियम केला. मित्राने मीटर परत नेलं, त्याऐवजी तपासणीच्या पट्ट्या आणल्या. एकूण खर्च १ लाख १९ हजार. बँकेचं दार ठोठावलं नाही, काकूंची भिशी त्याच महिन्यात लागली होती, ती त्यांनी यात घातली. हे पैसे मूळ नातीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवायचे होते. ते इथे घालताना त्यांचा जीव वरखाली झाला, हे मी समोर बसून पाहिलं आहे.

जुलैत वही उघडली. गॅस उतरला होता. तेल जवळपास तसंच होतं. यंत्र आलं, नियम झाला, तरी महिन्याला फेकायचं तेल २८० लिटरवरून २७० वर आलं होतं, बस्स.

अडलेला जुलै

कुठे अडतंय ते कळेना. गाळण यंत्र कधी बंद असायचं, कधी जाळी सापडत नसे. मुलाला वाटलं महाराज मुद्दाम करत आहेत, आणि तो त्यांच्यावर आवाज चढवणार इतक्यात काकूंनी त्याला थांबवलं. त्या दुपारी त्या स्वतः भट्टीजवळ स्टूल टाकून बसल्या आणि महाराजांना विचारलं. बराच वेळ गेल्यावर महाराज बोलले. वापरलेल्या तेलाचे जे पैसे येतात त्यातला अर्धा हिस्सा भट्टीवरच्या चौघांचा, ही सासूबाईंच्या काळची पद्धत. तेल कमी फेकलं तर त्यांच्या हातात काय पडणार?

ही नोंद मी अकरा वर्षं लिहीत होतो: 'वापरलेले तेल, विक्री.' २८० लिटर, ५७ रुपयांनी, सुमारे १६ हजार, त्यातले आठ हजार कामगारांना. मी ती उत्पन्नाच्या बाजूला लिहायचो. १२० रुपयांनी घेतलेलं तेल ५७ ला विकलं जात होतं, आणि माझ्या खतावणीत ते नुकसान उत्पन्न म्हणून बसलं होतं. काकूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच हस्ताक्षरात होतं.

निर्णय काकूंचा. आठ हजार तसेच राहतील, तेल फेकलं जावो वा न जावो. वर गॅसमध्ये जी बचत होईल तिचा चौथा हिस्सा भट्टीवाल्यांचा, दर महिन्याच्या सात तारखेला, वही समोर ठेवून. मुलाचं म्हणणं होतं की हिस्सा दहावा पुरे. काकू म्हणाल्या, "जाळासमोर तू उभा राहतोस का?" विषय संपला.

ऑगस्टपासून गाळणीची जाळी हरवली नाही.

तेल कुणाला द्यायचं

दर शनिवारी लोडिंग रिक्षा घेऊन एक माणूस वापरलेलं तेल न्यायचा. रोख पैसे, पावती नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या रुको योजनेत असं तेल अधिकृत संकलकाला देता येतं आणि त्याचं बायोडिझेल होतं. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी तर त्याची नोंद ठेवायची असते. आमचा रोजचा वापर त्या सीमेवर होता आणि दिवाळीत तो सहज ओलांडायचा. अधिकृत संकलक पावती देत होता, पण भाव ४५ रुपये. लिटरमागे १२ रुपये कमी.

मुलगा म्हणाला, आता तेल उरतंच किती, बारा रुपयांनी काय होतंय. महाराज म्हणाले, ओळखीचा माणूस आहे, वीस वर्षं येतो. काकूंनी त्या शनिवारी रिक्षावाल्यालाच विचारलं, "हे तेल पुढे जातं कुठे?" तो डबे चढवत होता. म्हणाला, "आगे चला जाता है, बाई." कुठे, ते त्याने सांगितलं नाही, आणि काकूंनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढच्या शनिवारी त्याला चहा पाजून हात जोडले.

हा निर्णय फायद्याचा होता म्हणून घेतला असं मी लिहिणार नाही, त्या दिवशी तो तोट्याचाच होता. पुण्याच्या प्रश्नावलीतला पहिला रकाना त्या पावत्यांनी भरला हे नंतर झालं.

जे फसलं

वेष्टनात आम्ही घाई केली. गौरी-गणपतीच्या मागणीसाठी मुलाने कागदी पुड्या छापून घेतल्या, आतून पातळ लेप असलेल्या, 'निसर्गस्नेही' असं ठळक छापून. ९०० पुड्या भरल्या. भाद्रपदातली हवा, त्यात दुकानदाराचं गोदाम. तिसऱ्या आठवड्यात फोन सुरू झाले. चकली सादळली होती, शेवेला वास येत होता. ३४० पुड्या परत आल्या, २९ हजारांचा माल. तो सगळा ओल्या कचऱ्यात घालावा लागला. काकूंनी एक पुडी फोडून चकली मोडली. ती मोडताना आवाजच झाला नाही.

तळलेल्या पदार्थाला दोन शत्रू असतात, दमटपणा आणि हवेतला प्राणवायू. अनेक थरांचं चकचकीत वेष्टन दोघांना अडवतं, म्हणून ते वापरतात, आणि थर चिकटलेले असल्यामुळेच त्याचा पुनर्वापर अवघड जातो. टाकलेली चकली म्हणजे तिच्यातलं तेल, बेसन, गॅस आणि चौघांची मेहनत वाया. त्यापेक्षा ते वेष्टन परवडलं, असं माझं आजचं मत आहे. ते बदलणार नाही असं नाही, पण ते बदलायला चांगला पर्याय हवा, नुसता छापील शब्द पुरणार नाही.

बाहेरगावच्या मालासाठी जुनंच वेष्टन ठेवलं. शहरातल्या काउंटरवर मात्र काकूंनी दुसरी गोष्ट केली: घरून डबा आणाल तर किलोमागे १० रुपये कमी. इथल्या मराठी बायकांना ते नवं नव्हतंच, त्यांच्या आयांनी सासूबाईंकडून असंच पितळी डब्यातून नेलेलं होतं. आता काउंटरच्या विक्रीतला तिसरा हिस्सा डब्यातून जातो.

फलित

एक किलो मालामागे गॅस ११३ ग्रॅमवरून ८५ वर आला. महिन्याला २८ सिलेंडरांऐवजी २१. फेकायचं तेल २८० लिटरवरून ९० वर. तेलाची खरेदी महिन्याला सुमारे २२ हजार ८०० रुपयांनी घटली, वापरलेल्या तेलाची विक्री १२ हजारांनी कमी झाली, म्हणजे तेलात निव्वळ फायदा जवळजवळ ११ हजार. गॅसमध्ये १३ हजार ३००, त्यातले ३ हजार ३०० कामगारांचे. मिळून महिन्याला २१ हजारांच्या आसपास काकूंच्या हातात राहू लागले. कामगारांना पूर्ण हिस्सा दिल्यानंतर धरलं तरी भिशीचे पैसे सहा महिन्यांत निघाले.

मग सप्टेंबर २०२४ आला. केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं, शुद्ध केलेल्या तेलावरचं साडेबाराहून साडेबत्तीस टक्के. आपल्या देशात लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. इंदूर सोयाबीनच्या माळव्याचं शहर असलं तरी डब्याचा भाव जगाबरोबरच हलतो. दिवाळी तोंडावर आलेली, मागणी घेतलेली, भाव सांगून मोकळे झालेले. ओळखीच्या तिघा-चौघांनी त्या दिवाळीत तेल बदललं किंवा पुडीचं वजन कमी केलं. काकूंना दोन्ही करावं लागलं नाही. वाचलेल्या प्रत्येक लिटरची किंमत त्या महिन्यात आपोआप वाढली होती. टिकाऊ पद्धतीचा फायदा बचतीच्या रकान्यात जेवढा दिसतो, त्याहून जास्त असा अडचणीच्या महिन्यात कळतो. लहान उद्योगाकडे भाव चढल्यावर तग धरायला गंगाजळी नसते. वाया न जाणारा माल हीच त्याची गंगाजळी.

दुकानदारांकडून खवट म्हणून परत येणारा माल जवळपास थांबला. वेष्टनाची चूक सोडली तर २०२५ मध्ये अशी परती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुण्याचा खरेदीदार आला. त्याने पावत्या आणि वजनाची वही दोन्ही मागवून पाहिली. त्याआधी काकूंनी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या सरकारी झेड योजनेतलं (मालात दोष शून्य, पर्यावरणाला इजा शून्य, असं तिचं धोरण) कांस्य प्रमाणपत्रही घेतलं. महिला उद्योजकांना त्याचं शुल्क पूर्ण माफ आहे, हे इथल्या कित्येक बायकांना ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणि भट्टीची खोली. मे २०२५ मध्ये दुपारी तीनला तिथे तापमान आदल्या वर्षापेक्षा सहा अंशांनी कमी होतं. काम सोडून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं म्हणजे भट्टीवाल्यांशी बोलणं. ते आम्ही जुलैत केलं, मार्चमध्ये करायला हवं होतं. पैशाची वाट कुठून कुठे जाते हे न बघता यंत्र आणलं, आणि एक महिना अख्खा महाराजांविषयी संशयात घालवला. मला त्याची आजही चुटपुट लागते. तीस वर्षं जाळासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा हिस्सा जपायचा होता, एवढीच गोष्ट होती.

दुसरं, एक महिन्याचं मोजमाप तोकडं होतं. होळीनंतरचा काळ मंदीचा, त्यामुळे तेलाची खराबी आम्हाला जरा जास्तच दिसली. दिवाळीच्या हंगामातही आधी मोजलं असतं तर हिशेब अधिक खरा झाला असता. मी वर दिलेले आकडे पुढच्या बारा महिन्यांच्या सरासरीचे आहेत, तरी तुलनेची आधीची बाजू लंगडी आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं.

तिसरं, कागदी पुड्यांचे पन्नास नमुने आधी महिनाभर फळीवर ठेवून बघायला हवे होते. ९०० कशाला भरायचे?

फ्रायर न घेतल्याबद्दल दुमत आहे. मित्राच्या मते दोन वर्षांत माल दुप्पट झाला तर तो घ्यावाच लागेल. काकू अजून चकलीच्या काट्यांवर अडून आहेत.

शेडचा भाडेकरार पुढच्या चैत्रात संपतो. काकू स्वतःची जागा घेत आहेत आणि सौर पॅनेलचा विषय पुन्हा निघाला आहे. या वेळी मुलाने कोटेशन मागवण्याआधी वजनाची वही टेबलावर ठेवली आणि विजेची बारा बिलं तिच्या शेजारी लावली. महाराजांना भट्टी कुठल्या भिंतीला हवी, हे काकूंनी नकाशा काढणाऱ्याला भेटायच्या आधी विचारून घेतलं आहे. त्यांनी पूर्वेची सांगितली, दुपारचं ऊन तिथे येत नाही.